फुलबॅकची ग्रेड

२०२०च्या जानेवारीत मी आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला ग्रेड द्यायला लागले. खरं तर ग्रेड मॅनेजर द्यायचे, मी फक्त आकडे पुरवायची. पण मुलांना ते पटत नसे. लॅपटॉप घेऊन मी मैदानाच्या कडेनं निघाले की कुणीतरी हळूच म्हणायचं, “हेडमिस्ट्रेस आली बघा.”

मी नागपूरची. डेटा अॅनालिटिक्समध्ये एमएससी करायला आयर्लंडला आले होते. कॉलेज पश्चिमेकडच्या एका लहान शहरात, समुद्राजवळ. फुटबॉल मला टीव्हीवर दिसेल तेवढाच माहीत, आणि इथला फुटबॉल तर तोही नव्हता. हा गेलिक फुटबॉल. यात चेंडू हातातही घेता येतो आणि लाथेनंही मारता येतो. खांबांच्या मधून वरून गेला तर एक पॉइंट, खाली जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. पहिल्या दिवशी मला ती नुसती मारामारी वाटली होती.

मॅनेजर एका शाळेत भूगोल शिकवायचे. पन्नाशीचे, उंच, कायम ओल्या जॅकेटमध्ये. व्हिडिओ बघून आकडे काढून देईल असं कोणी आहे का, हे विचारायला ते आमच्या डिपार्टमेंटमध्ये आले होते. माझे वडील क्लब क्रिकेटचे स्कोअरर. रविवारी त्यांच्या शेजारी बसून चौकोनांत आकडे भरण्यात माझं अर्धं लहानपण गेलं होतं. मी हात वर केला.

काम सोपं होतं. एक कॅमेरा गोलच्या मागे उंचावर लावायचा. मॅच झाली की प्रत्येक खेळाडूनं चेंडू किती वेळा पकडला, किती वेळा घालवला, कुणाला अडवलं, कोण त्याच्या हातून निसटलं, हे व्हिडिओ थांबवत थांबवत मोजायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंग रूमशेजारच्या खोलीत मॅनेजर आणि मी मोठ्या टीव्हीसमोर बसायचो. ते बघायचे, विचारायचे, आणि प्रत्येकाला ए, बी, सी किंवा डी द्यायचे. तो कागद दारावर लागायचा. डी सहसा कुणाला मिळत नसे.

पहिल्या मॅचपासून मला फुलबॅकचं काहीतरी खटकत होतं. फुलबॅक म्हणजे गोलकीपरच्या पुढे, बरोबर मधोमध उभा असणारा, शेवटची भिंत. हा मुलगा उत्तरेकडच्या लेटरकेनी शहराजवळच्या एका गावचा. खांदे रुंद, बोलणं कमी, हसला की अगदी शाळकरी पोरासारखा दिसायचा. आदल्या वर्षी तो टीममधला सगळ्यात भरवशाचा खेळाडू होता, असं सगळेच सांगत. मी बघत होते तो मात्र वेगळाच कुणीतरी होता. उजवीकडून येणारा प्रत्येक चेंडू तो मांजरासारखा झेप घेऊन उचलायचा. आणि मग मधेच त्याच्या बाजूनं एखादा खेळाडू आरामात चालत जावा तसा निघून जायचा, आणि हा समोर बघत उभा. अडवायला हातसुद्धा उचलायचा नाही.

“हा झोपला होता का?” पहिल्या मॅचनंतर मॅनेजर म्हणाले, आणि त्यांनी सी दिला.

दुसरी मॅच आम्ही कशीबशी जिंकलो. समोरच्या टीमचे दोन्ही गोल त्याच्या शेजारून झाले होते. सकाळी मी त्याच्या सगळ्या चुका एकापाठोपाठ एक लावल्या, आणि तेव्हा ते लक्षात आलं. दोन्ही मॅचेसमधली प्रत्येक चूक डाव्या बाजूची होती. उजवीकडून एकही माणूस सुटला नव्हता.

“सगळं डावीकडूनच चाललंय,” मी म्हणाले.

“मग त्यानं डावीकडे बघायला शिकावं.”

“पण तो बघतच नाहीये. मान वळतच नाही त्याची. तिकडे कुणी आहे हेच त्याला कळत नसावं.”

मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. “ख्रिसमसला घरी गेला तो डोकं तिकडेच ठेवून आला,” ते म्हणाले. “मुलगी असेल, नाहीतर परीक्षा. ग्रेड खेळाची असते, कारणांची नसते. तरी फिजिओच्या कानावर घालतो मी.” आणि त्यांनी डी लिहिला.

दुपारी तो स्वतःच त्या खोलीत आला. दारावरचा कागद वाचून आला होता. “मला दाखव,” एवढंच म्हणाला. मी दुसऱ्या गोलचा तुकडा लावला. कॅमेरा गोलमागे होता, त्यामुळे त्याची डावी बाजू तीच पडद्याचीही डावी. तो टीव्हीच्या अगदी समोर, पडद्याच्या मध्यावर नजर ठेवून बसला.

“इथं,” तो म्हणाला. “इथं हा अचानक येतो. कुठून आला हा?”

“अचानक नाही. तो सुरुवातीपासून तिथेच आहे.”

“कुठे?”

मी तुकडा मागे नेला आणि थांबवला. डाव्या कोपऱ्यात पिवळ्या जर्सीतला तो उंच खेळाडू स्पष्ट दिसत होता, धावायच्या तयारीत वाकलेला.

“तिथे कुणी नाहीये,” तो म्हणाला.

मला वाटलं चेष्टा करतोय. मी उठून पडद्याजवळ गेले आणि त्या पिवळ्या जर्सीवर बोट ठेवलं. माझ्या हाताच्या दिशेनं त्यानं सावकाश मान वळवली. बरीच वळवावी लागली त्याला ती. मग त्याला तो माणूस दिसला. बाहेर कुणीतरी बूट आपटून चिखल झाडत होतं.

“डोकं दुखतं का तुझं?” मी विचारलं.

“सकाळी दुखतं. सगळ्यांचंच दुखतं.”

“तू तर सीझनमध्ये पीत नाहीस.”

“मी ग्रँड आहे,” तो उठत म्हणाला. इथं कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर असतं. पाय मोडला तरी माणूस ग्रँडच असतो. दाराशी तो थांबला. “डी बरोबर आहे. माझ्या शेजारून गेला तो.”

त्या शुक्रवारी मला लेटरकेनीला जायचं होतं. माझी मामेबहीण तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. मी तिला ताई म्हणते. तिनं पुरणपोळ्यांचं आमिष दाखवलं होतं. बसच्या वेळा जुळत नव्हत्या, आणि त्याला हे कुणाकडून तरी कळलं. “मी घरीच चाललोय, सोडतो तुला,” तो म्हणाला. मी हो म्हटलं. माझ्या मनात होतं की वाटेत त्याला डोळे तपासायला राजी करावं. त्याच्याच गाडीत बसतोय, याचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला नव्हता.

तो अर्थ शिरला गाडी बघून. डावा आरसा काळ्या चिकटपट्टीनं बांधलेला होता. डाव्या दारावर पुढून मागेपर्यंत एक लांब ओरखडा होता, आणि त्याच्या खाली आणखी एक, जुना.

“हे काय?”

“आमच्या गेटचा खांब. वडील अजून बोलतायत त्यावरून.”

ड्रायव्हर उजवीकडे, म्हणजे मी डावीकडे, त्या ओरखड्याच्या आत. शहराबाहेर पडेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. रस्ता रुंद होता, आणि इथल्या गोल चौकांत गाड्या येतात त्या उजवीकडून. त्या त्याला लांबूनच दिसत. तो बोलत होता, घरच्या मेंढ्यांबद्दल, कॉलेजांच्या स्पर्धेतल्या बुधवारच्या सेमीफायनलबद्दल. मग रस्ता अरुंद झाला. आकाश खाली आलं, बारीक पाऊस सुरू झाला, आणि कडेच्या काटेरी झुडपांच्या फांद्या माझ्या काचेवर सपासप आपटू लागल्या. मी सीटमध्ये त्याच्याकडे सरकले.

“जरा उजवीकडे घे ना.”

“हो, हो.” त्यानं घेतली. थोड्या वेळानं गाडी पुन्हा हळूहळू कडेला आली. त्याला ते जाणवत नव्हतं. एका पुलाच्या दगडी कठड्याजवळून आम्ही इतक्या लगत गेलो की दगडांवरचं शेवाळ मला दिसलं. मी काही बोलले नाही. बोलले तर त्याचं लक्ष जाईल आणि आणखी काही होईल, अशी भीती वाटत होती. डोळ्यांचा विषय तर मी काढलाच नाही.

पुढे एक गाव लागलं. गाव संपता संपता डाव्या कडेनं एक म्हातारा सायकल हातात धरून चालत होता. सायकलला पिशव्या लटकवलेल्या, डोक्यावर टोपी. तो मला दुरून दिसला. मी वाट बघितली की आता हा गाडी बाजूला घेईल. नाही घेतली. वेगही कमी झाला नाही. म्हातारा मोठा मोठा होत गेला आणि मी मराठीत किंचाळले, “अरे माणूस आहे!”

शब्द कळले नसतील, आवाज कळला. त्यानं स्टिअरिंग उजवीकडे मारलं. पिशवी कशाला तरी घासल्याचा आवाज आला. मी मागे वळून बघितलं. म्हातारा उभा होता, सायकल आडवी पडली होती, आणि तो मूठ उगारून ओरडत होता. उभा होता, हे महत्त्वाचं.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“तो माणूस!”

“कुठला माणूस?”

पुढे थोड्या अंतरावर पेट्रोल पंप होता. तिथे त्यानं गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसला. काचेवरचं पाणी ओघळत होतं.

“खरं सांग,” तो म्हणाला. “होता तिथे कुणीतरी?”

“होता. म्हातारा. सायकल घेऊन.”

“लागलं त्याला?”

“नाही. उभा होता.”

तो खाली उतरला आणि गावाकडे चालायला लागला. मीही मागोमाग. म्हातारा तोपर्यंत पिशव्या गोळा करून आमच्याच दिशेनं येत होता. त्यानं याला जे सुनावलं त्यातलं निम्मं मला कळलं नाही, एवढा त्या भागातला उच्चार जड. हा मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “मला तुम्ही दिसला नाहीत.” ते त्यानं अशा आवाजात सांगितलं की म्हातारा बोलायचा थांबला. त्यानं याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, सायकल घेतली आणि निघून गेला.

मी ताईला फोन लावला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, “गाडीची किल्ली तू घे. हलू नका तिथून. मी निघाले.”

लेटरकेनीत गाडीशिवाय जगता येत नाही, त्यामुळे ताई आता गाडी एखाद्या टॅक्सीवाल्यासारखी चालवते. तरी ती येईपर्यंतचा वेळ फार लांबला. आम्ही पंपाच्या दुकानात, चहाच्या काउंटरशेजारच्या टेबलाशी बसलो. किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती. त्यानं ती मागताच दिली होती, ह्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

ताई आली, त्याच्याशी हात मिळवला, हवापाण्याचं बोलली. मग तीन चहा घेऊन आली. एक माझ्यापुढे ठेवला, एक स्वतःपुढे, आणि एक त्याच्या डाव्या हाताशी. गप्पा चालू ठेवल्या. तो आमच्या कपांकडे बघत राहिला. शेवटी थोडा संकोचून म्हणाला, “मला नाही का चहा?”

कपातून वाफ येत होती, त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर.

ताईचा चेहरा बदलला नाही. फक्त मला मराठीत म्हणाली, “चेहऱ्यावर काही दाखवू नकोस.” मग ती त्याच्या समोर बसली, “माझ्या नाकाकडे बघ, बोट हललं की सांग,” म्हणाली, आणि दोन्ही हात पसरून एकेक बोट हलवायला लागली. उजवीकडचं बोट तो लगेच सांगायचा. डावीकडचं बोट ती मध्यापर्यंत आणायची, अगदी नाकासमोर, तरी तो गप्प. एकदा उजवा डोळा झाकून, एकदा डावा. दोन्ही डोळ्यांना तेच. दुकानातली मुलगी पावाचे रोल बनवायचं थांबवून आमच्याकडे बघत होती.

“तुम्ही दोघी माझ्याबद्दल बोललात मघाशी,” तो म्हणाला.

“हो,” ताई म्हणाली. “तुझे डोळे चांगले आहेत. ते जिथे निरोप पोचवतात तिथे काहीतरी अडलंय. डोक्याचा स्कॅन करायला हवा, आणि आजच. माझ्या गाडीत चल.”

“सोमवारी येतो. बुधवारी सेमीफायनल आहे.”

“तू बुधवारी खेळणार नाहीस.”

एखाद्या मोठ्या माणसाशी कोणी असं बोललं तर वाद होतो. तो वाद घालेल म्हणून मी वाट बघत होते. ताईनं त्याच्या डावीकडे बोट दाखवल्यावर त्यानं कप हातानं चाचपून आपल्यासमोर ओढला, सगळा चहा संपवला, आणि उठला.

त्याचे वडील हॉस्पिटलमध्ये आले ते शेतातल्या रबरी बुटांतच. त्यांना मी कोण हे माहीत नव्हतं, पण बोलायला कुणीतरी हवं होतं. “ख्रिसमसच्या आदल्या दिवशी त्यानं गाडी गेटच्या खांबाला ठोकली,” ते म्हणाले. “मी कसला ओरडलो त्याच्यावर. आंधळा आहेस का, म्हणालो.”

ताईनं मला आत काय झालं ते सांगितलं नाही. तिच्या कामात ते बसत नाही. मला सांगितलं ते त्यानंच, दुसऱ्या दिवशी फोन करून, मॅचचा स्कोअर सांगावा तसं. डोक्यात मागच्या बाजूला, उजवीकडे, गाठ आहे. मेंदूचा तो भाग डावीकडचं बघतो. वाढत असावी बऱ्याच दिवसांपासून. डब्लिनला नेणार होते.

सेमीफायनल आम्ही हरलो. सकाळी मी आणि मॅनेजर नेहमीसारखे खोलीत बसलो. त्याच्या जागी खेळलेल्या नवख्या मुलाला बी मिळाला. सगळे झाल्यावरही मॅनेजर उठले नाहीत.

“तो डी काढता येईल का?” त्यांनी विचारलं. “फाइलमधून. सगळीकडून.”

“येईल.”

“त्याला विचार आधी.”

मी मेसेज केला. उत्तर लगेच आलं, डब्लिनच्या वॉर्डातून. नको. तो काढला तर मी त्या दिवशी खेळलोच नाही असं होईल.

मॅनेजरांनी तो मेसेज माझ्या फोनवर दोनदा वाचला. मग ते उठून खिडकीपाशी गेले. मी डी तसाच ठेवून फाइल बंद केली.

त्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मार्च उजाडला होता आणि नवीन आजाराच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. हॉस्पिटलांनी भेटायला येणाऱ्यांना दारं बंद केली. त्याची आई रोज डब्लिनमध्ये हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायची, आत जाता येत नसताना. निदान त्याच इमारतीजवळ आहे, म्हणायची. आमचं कॉलेज एका दुपारी बंद झालं ते बंदच राहिलं. मैदानाच्या फाटकाला कुलूप लागलं. मी उरलेली एमएससी भाड्याच्या खोलीत, गॅलरीतल्या एका झाडासमोर बसून पुरी केली. ताईशी फोन व्हायचा तो तिच्या ड्यूटीच्या आधी किंवा नंतर, आणि तिचा आवाज दर आठवड्याला आणखी थकलेला असायचा.

गाठ काढली होती. सगळी नाही, थोडी काढता आली नाही. डावीकडचं दिसणं परत आलं नाही. तो फोनवर सांगायचा की आता त्याला मान वळवायची सवय लागली आहे, घरात खुर्च्यांना अडखळत नाही. ड्रायव्हिंग कायमचं बंद. गावातल्या लहान मुलांना तो फुटबॉल शिकवायला लागला तेव्हा ती पोरं मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला लपून त्याला दचकवायची. हे सांगताना तो खूप हसला. मीही हसले.

२०२१च्या शरद ऋतूत मी डब्लिनला होते. बॉल्सब्रिजमधल्या एका ऑफिसात नोकरी लागली होती, आणि वर्षभर घरून काम केल्यावर आम्हाला आठवड्यातले दोन दिवस बोलवायला लागले होते. तो स्कॅनसाठी बसनं आला. स्कॅननंतर आम्ही कालव्याच्या कडेनं चाललो. थोडा जाड झाला होता, केस पुन्हा आले होते. मॅनेजरांनी नव्या टीमच्या मॅचेसचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली आहे, म्हणाला. घरी बसून तो पडद्यासमोर मान वळवत वळवत ते बघायचा आणि ग्रेड सुचवून पाठवायचा. “मी फार कडक आहे,” तो म्हणाला. “कुणालाच ए देत नाही.”

स्कॅनचं काय म्हणाले, हे मी विचारलं नाही. तो आपणच बोलला.

“एक सावली आहे. जखमेचा व्रण असेल, किंवा नसेल. परत बोलावलंय.”

“कधी?”

“लवकर.”

डिसेंबरात एका दुपारी त्याच्या आईचा फोन आला. याआधी तिचे मेसेज यायचे, फोन तिनं कधी केला नव्हता. मी मीटिंगमध्ये होते. फोन टेबलावर थरथरत होता, पडद्यावर तिचं नाव होतं, आणि मला तो उचलवेना. तो थांबला. पुन्हा सुरू झाला. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन घेतला.

व्रण नव्हता. नवीन वर्षात पुन्हा डोकं उघडणार होते. तो कसा आहे विचारल्यावर ती म्हणाली, बाहेर वडिलांबरोबर मेंढ्यांना चारा घालतोय. मागे तिच्या स्वयंपाकघरातला रेडिओ ऐकू येत होता.

“तुझ्या बहिणीचा नंबर देशील का?” तिनं विचारलं. “इथले सगळे डॉक्टर फार गोड बोलतात. मला कुणीतरी सरळ सांगायला हवंय.”

मी नंबर सांगितला. तिनं तो मला परत म्हणून दाखवला, आभार मानले, आणि फोन ठेवला.